चि. टेस्ट आणि चि. सौ. कां. डेमो

आमच्या ऑफिसात जुनी फाइल शोधायला अर्धा दिवस जातो, जुना किस्सा मात्र एका हाकेत सापडतो. कुणी नुसतं "श्री. उचलू नका" म्हटलं की आम्ही चौघंही हसायला लागतो आणि समोर बसलेला नवा क्लायंट आपल्या शर्टाला काही लागलंय का ते बघतो. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगता सांगता एकातून दुसरा निघतो, चहा दोनदा येतो आणि क्लायंटचं काम राहून जातं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू.

आधी माणसं सांगते. नांदेडला एका भांड्यांच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून आलं की आमचं ऑफिस. मालक गायकवाड सर. पुण्यातली नोकरी सोडून आले आणि म्हणाले, "सॉफ्टवेअर नांदेडात का होत नाही? इथं काय करंट उलटा वाहतो का?" सिद्धार्थ वाघमारे मुखेडचा, प्रोग्राम लिहितो आणि गरजेपुरतं बोलतो. ज्योती देगलूरची; तीही प्रोग्राम लिहिते आणि सिद्धार्थच्या वाटचं सगळं बोलणं तीच बोलून टाकते, मराठीत आणि तेलुगूतही. मी लातूरची. क्लायंट सांभाळणं, झालेलं काम तपासणं आणि कोण कुठं चुकलं ते चारचौघांत सांगणं, ही माझी खाती. तिसरं खातं मी विशेष मन लावून सांभाळते.

*

आम्ही नेमकं करतो काय, हा प्रश्न आम्हाला लग्नात, बारशात आणि रिक्षात विचारला जातो.

काम तसं सोपं. लातूरला बिराजदार काकांचं मंगल कार्यालय आहे. त्यांच्याकडच्या लग्नांच्या पत्रिका हैदराबादच्या एका कंपनीमार्फत फोनवर जातात. पत्रिकेखाली दोन बटणं, 'येणार' आणि 'नाही', आणि 'किती जण' असा एक रिकामा चौकोन. लोक बटण दाबतात, ती उत्तरं हैदराबादच्या कॉम्प्युटरवर गोळा होतात. आमचा प्रोग्राम ती मागवून घेतो. ती येतात ती सलग, एकाला एक चिकटून, वाचताना दम लागावा अशी. त्यातलं एकेक उत्तर सोडवून सिद्धार्थचा प्रोग्राम त्याचा एकेक 'पाहुणा' बनवतो. हा पाहुणा म्हणजे कॉम्प्युटरमधला. त्याला नावाचा खण, गावाचा खण, येणार की नाही याचा खण. असे पाहुणे तयार झाले की काकांच्या आचाऱ्याला कळतं, भात किती टाकायचा.

हे सगळं सिद्धार्थनं एकदा त्याच्या वडिलांना समजावून सांगितलं. आबा म्हणजे तहसील कचेरीतून रिटायर झालेले अव्वल कारकून. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक गोष्ट नियमात बसते का ते बघायची सवय. पोरानं सरकारी परीक्षेचा अभ्यास अर्ध्यात सोडून आमच्याकडं नोकरी धरली, हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तिकडून आलेलं घ्यायचं, नीट लावायचं, अन् पुढं धाडायचं."

"हाव आबा."

"म्हंजे आवक-जावक लिपिक!" आबा म्हणाले. "त्ये बी खासगीत!"

त्या दिवसापासून ज्योती सिद्धार्थला 'आवक-जावक' म्हणते. तो हसतो. पण आबांचा फोन ठेवताना दर वेळी एक वाक्य ठरलेलं असायचं, "बरं, नोकरी लागली की सांग." ते ऐकून तो हसायचा नाही.

*

आता 'श्री. उचलू नका.'

बिराजदार काकांना हौस फार. पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्यांवर मानाच्या पाहुण्यांच्या नावाची छापील कार्डं पाहिजेत म्हणाले. सिद्धार्थ म्हणाला, काही अवघड नाही, नावं आपल्याकडं येतातच. येत होती. फक्त ती कुठून येतात, याचा विचार कुणी केला नव्हता. वधूपिता आपल्या फोनमधले नंबर जसेच्या तसे हैदराबादला चढवतो. म्हणजे त्यानं फोनमधे ज्याला ज्या नावानं ठेवलंय, तेच नाव!

लग्नाच्या दिवशी मी कार्यालयात गेले तर पहिल्या रांगेत 'श्री. बंडूचे पप्पा', त्यांच्या शेजारी 'सौ. आत्या मोठी', आणि मधोमध, फुलांच्या गुच्छासमोर, 'श्री. उचलू नका.' प्रोग्रामनं इमानेइतबारे 'उचलू' हे नाव धरलं होतं आणि 'नका' हे आडनाव.

मी कार्ड काढायला धावले, तोवर त्या खुर्चीचे धनी येऊन उभे होते. वधूपित्याचे लांबचे मेहुणे. मोठा फेटा, मोठ्या मिशा. त्यांनी कार्ड हातात घेऊन नीट वाचलं. वधूपित्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"दाजी, त्ये... त्ये कॉम्प्युटरची चूक हाय..."

मेहुण्यांनी खिशातून फोन काढला, वधूपित्याला तिथंच मिस्ड कॉल दिला आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरली.

"घाबरू नका. माझ्याकडं तुमी बी ह्याच नावानं हाव!"

*

इस्लापूरकडच्या एका पाहुण्याचा किस्सा छोटाच आहे. त्यांच्या शेतात रेंज येत नाही. त्यांनी 'येणार' दाबलं ते शेतात, आणि ते निघालं ते चार दिवसांनी, तालुक्याला गेल्यावर. आमचा प्रोग्राम आज्ञाधारक. उत्तर आलं की पाहुणा बनव आणि आचाऱ्याला कळव.

आचाऱ्याचा मला फोन. "मॅडम, एक पाहुणा वाढला म्हणून मेसेज आलाय."

"मग वाढा की एक ताट."

"वाढतो की! पण लगीन परवाच झालं. आता पोरगी बी सासरी गेली. मी एकट्या पाहुण्यासाठी भात टाकू का?"

*

ज्याच्यावर गायकवाड सर अजून भाषण देतात, तो किस्सा हा.

आपल्याकडं शुभकार्याचं बोलावणं आलं की 'नाही' म्हणायची पद्धत नाही. जायचं नसलं तरी तोंडानं "येतो की!" म्हणायचं. म्हणून पहिल्याच लग्नात झाडून सगळ्यांनी 'येणार' दाबलं. दुसरी पद्धत अशी, की आपण किती जण जेवायला येणार हे स्वतःहून सांगणं बरं दिसत नाही. म्हणून 'किती जण' या चौकोनात झाडून सगळ्यांनी एकच आकडा लिहिला, एक. आणि आले ते बायको, लेकरं, म्हातारी आणि शेजारच्या घरातलं एखादं, असे सगळे मिळून. ज्यांना यायचं नव्हतं ते अर्थातच आले नाहीत.

गंमत म्हणजे हिशेब तंतोतंत जुळला! न आलेल्यांची ताटं जास्तीच्या आलेल्यांना पुरली. भात उरला नाही, कमी पडला नाही. बिराजदार काकांनी सरांना शाल पांघरली. सर नांदेडात आल्यावर कितीतरी दिवस ती शाल ऑफिसात खुर्चीच्या पाठीला होती.

सिद्धार्थला मात्र चैन पडेना. हा मुळात सरळ माणूस. त्यानं बसून बघितलं तर प्रोग्राम दोन्हीकडून चुकत होता आणि दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. त्यानं त्यातली एक चूक दुरुस्त केली. चौकोनावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरातील येणाऱ्या सर्वांची संख्या लिहावी.'

पुढच्या लग्नात लोकांनी संख्या लिहिली. भरपूर लिहिली, न येणाऱ्यांनीही लिहिली. बुंदी इतकी उरली की काकांनी ती टेम्पोत घालून वसतिगृहांना वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. सरांनी घाबरत घाबरत स्पीकरवर टाकला.

"पोरांनो, तुमचं प्रोग्राम चुकत हुतं तवा बराबर येत हुतं. काय करूलालाव तुमी? पैल्यावानी चुकवा की!"

सिद्धार्थनं सरांकडं बघितलं, सरांनी शालीकडं बघितलं. मग सिद्धार्थनं निमूटपणे चूक पुन्हा घातली. त्या जागी प्रोग्राममधे त्यानं एक ओळ लिहून ठेवलीय, अजून आहे: 'येथे दुरुस्ती करू नये.'

*

मग रुसलेल्यांचा प्रश्न निघाला.

काही लोक 'येणार'ही दाबत नाहीत आणि 'नाही'ही दाबत नाहीत. हैदराबादहून त्यांच्या खणात काहीच येत नाही, खण रिकामा. सिद्धार्थनं सरळ विचार केला, उत्तर नाही म्हणजे 'नाही'. बिराजदार काकांनी ती यादी बघितली आणि लातूरहून नांदेडपर्यंत ऐकू येईल एवढ्यानं ओरडले.

"अरे, त्ये न्हाई म्हणले न्हाईत! त्ये रुसलेत!"

खरंच होतं. फोनवर आलेल्या पत्रिकेला बोलावणं मानत नाहीत, अशी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांच्याकडं अक्षता घेऊन, दारात उभं राहून, "यायलाच पाहिजे" असं म्हणावं लागतं. मग सिद्धार्थनं तिसरा प्रकार तयार केला, 'रुसलेले'. तिसऱ्या प्रकारातले पाहुणे सापडले की प्रोग्राम वधूपित्याला कळवायचा, 'खालील मंडळींकडे समक्ष जावे.'

आणि त्यानंतर काय होतं ते कळावं, म्हणून आमचा प्रोग्राम तासातासाला हैदराबादला विचारायचा, आलं का उत्तर? आलं का? शेवटी तिकडच्या इंजिनियरचा फोन आला. एकाच नंबरासाठी तुम्ही आमच्या सर्व्हरला इतका त्रास का देता? सरांनी इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, त्याला काही कळेना. ज्योतीनं सरांच्या हातातून फोन घेतला आणि तेलुगूत एकच वाक्य बोलली.

पलीकडून तो ओरडला, "अलक!"

अलक म्हणजे रुसवा. मग अर्धा तास दोघं बोलत होते. त्याच्या लग्नात तो स्वतः रुसून बसला होता, म्हणे. त्यांच्याकडं नवरदेवानं रुसायचीच पद्धत आहे, मनासारखं काही मिळालं की मग उठायचं. सर्व्हरचा त्रास वगैरे तो विसरूनच गेला.

पुढच्या आठवड्यात हैदराबादहून येणाऱ्या माहितीत एक नवा प्रकार दिसायला लागला. 'येणार', 'नाही' आणि 'अलक'. सर म्हणतात, सॉफ्टवेअरला नांदेडनं दिलेली ही देणगी आहे.

*

या पुढचे किस्से एकाच माळेतले आहेत, म्हणून सलग सांगते.

प्रोग्रामात काही बदल केला की तो लातूरला देण्याआधी एक चाचणीची पत्रिका पाठवून बघावी लागते. खोटं लग्न, खरा फोन. वर चि. टेस्ट, वधू चि. सौ. कां. डेमो. विवाहस्थळ म्हणून आमच्याच ऑफिसचा पत्ता आणि तारीख आपोआप दुसऱ्या दिवसाची पडायची. निमंत्रक म्हणून सरांनी आपलं नाव टाकलं होतं. अशी पत्रिका आपसातच पाठवायची असते. एकदा ज्योतीचा हात चुकला आणि पत्रिका सरांच्या फोनमधल्या एका भल्या माणसाला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ. माहूरहून आलेले. धोतर, कोसा फेटा, काखेत पिशवी. सरांच्या वडिलांचे जुने स्नेही.

"मांडव दिसून नाही राहिला," ते म्हणाले. "उशीर झाला का मला?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाया पडून सगळं सांगून टाकलं. टेस्ट नावाचा मुलगा नाही, डेमो नावाची मुलगी नाही. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं.

"मले वाटलंच. नावं लई इचित्र होती. पण खाली निमंत्रक म्हणून तुझं नाव होतं बाबू. तुझं नाव असल्यावर येणं आलंच की नाही?"

त्यांनी पिशवीतून आहेर काढला. नवऱ्या मुलासाठी टॉवेल-टोपी. परत न्यायला कबूलच होईनात. आणलेला आहेर परत नेत नसतात, म्हणाले. टोपी अजून आमच्या कॉम्प्युटरवर आहे, स्क्रीनच्या कोपऱ्याला अडकवलेली.

ते गेल्यावर सरांनी दोन हुकूम काढले. पहिला, चाचणीच्या पत्रिकेत निमंत्रकाचा खण रिकामा ठेवायचा. कुणाचं नावच नसलं तर कोण कशाला येईल? दुसरा, ती पत्रिका यापुढं एकाच ठरलेल्या माणसाला जाईल. आणि तो माणूस 'नाही' दाबणारा पाहिजे, कारण आख्ख्या लातूर-नांदेडात 'नाही' कुणी दाबतच नव्हतं आणि त्या बटणाची तपासणीच होत नव्हती.

"असा माणूस आणायचा कुठून?" ज्योती म्हणाली.

सिद्धार्थ स्क्रीनकडंच बघत होता. "माझ्या आबाला पाठवा," तो म्हणाला. "त्ये दाबतील."

*

आबांनी दाबलं. पहिल्या पत्रिकेला 'नाही'. दुसऱ्या पत्रिकेला 'नाही'. पत्रिका गेली की दहा मिनिटांत 'नाही' हजर! ना मागं ना पुढं. आख्ख्या मराठवाड्यात बोलावण्याला तोंडावर नकार देणारा एकच माणूस, आणि तो आमच्याकडं होता!

बघता बघता ऑफिसात तो रिवाज होऊन बसला. नवा बदल झाला की ज्योती पत्रिका पाठवायची आणि सर केबिनमधून विचारायचे, "आबांचा 'नाही' आला का?" "आला सर!" की मग पुढचं काम. एकदा आबांचा 'नाही' यायला उशीर झाला तर सरांनी उदबत्ती लावली होती. आम्ही चिडवायचो, सिद्धार्थही हसायचा.

पण एकदा मी जे बघितलं ते मला विसरता येत नाही. आबा डोळे तपासायला नांदेडला यायचे. एसटी स्टँडवरून दवाखान्यात जायचा रस्ता आमच्या खिडकीखालून जातो. त्या दिवशी सिद्धार्थ खिडकीत उभा होता. खाली आबा चालले होते, पांढरा शर्ट, दोन पेनं. भांड्यांच्या दुकानासमोर ते थांबले. वर आमच्या पाटीकडं त्यांनी बघितलं, पाटी पूर्ण वाचली, आणि पुढं निघून गेले.

"खाली जाऊन बोलव की रे," मी म्हटलं.

"बोलवून काय करू, ताई? त्यांच्या मनात असतं तर आले नसते का?" तो म्हणाला. आणि मग हळूच म्हणाला, "या बारीला पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरावा म्हणतो. त्यांचं समाधान तरी होईल."

मला रागच आला. दोघांचाही. मी ते सरांना सांगितलं. सरांनी नुसतं पंख्याकडं बघितलं. सिद्धार्थ गेला तर त्या प्रोग्रामला हात लावायची ज्योतीचीही छाती होणार नाही, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की तो गेला असता तर आमचं ऑफिस तेच राहिलं नसतं.

*

आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते.

एका सोमवारी सकाळी हैदराबादहून कळवलं, आजपासून नवा नियम. निमंत्रकाचं नाव रिकामं असेल तर पत्रिका जाणार नाही. आमची खरी लग्नं व्यवस्थित होती, तिथं वधूपित्याचं नाव असायचंच. अडली ती चाचणीची पत्रिका. सिद्धार्थनं पाठवली तर ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. दुपारी बिराजदार काकांना नवा प्रोग्राम द्यायचा होता, सर केबिनमधून दोनदा डोकावून गेले. सिद्धार्थनं वैतागून त्या खणात आपलंच नाव टाकलं, 'निमंत्रक: सिद्धार्थ वाघमारे', आणि पाठवून दिली. गेली.

सरांनी आतून विचारलं, "आबांचा 'नाही' आला का?"

ज्योती स्क्रीनला नाक लावून बसली होती.

"सर, आलंय. पण येणार आलंय."

"काय?"

"येणार. किती जण, दोन."

सर बाहेर आले. चष्मा लावून त्यांनी स्वतः वाचलं. "प्रोग्रामात बग आहे!" ते म्हणाले. "आबा 'येणार' म्हणूच शकत नाहीत. शोधा!"

आम्ही शोधायला लागलो. खण उलटेसुलटे झाले का, बघितलं. माहिती सोडवताना दुसऱ्याच कुणाचं उत्तर आबांच्या नावावर चिकटलं का, बघितलं. हैदराबादहून आलेला मूळ मजकूर काढून अक्षर अन् अक्षर तपासलं. तिथंही 'येणार'च. ज्योतीनं तिकडच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, आमच्याकडं बटण दाबल्याची नोंद आहे, अलक वगैरे काही नाही. सरांनी बिराजदार काकांना कळवलं की प्रोग्राम आज देता येणार नाही, मोठी गडबड झालीय.

"अरे, मग आबांनाच फोन करून विचार की!" ज्योती सिद्धार्थला म्हणाली.

सिद्धार्थनं फोन उचलला. नंबर काढला. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय विचारू? तुम्ही खरंच हो म्हणलाव का, असं?" तो म्हणाला. "अन् चुकून बोट लागलं म्हणले तर?"

त्यानंतर त्या दिवशी कुणी काही शोधलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धार्थ सगळ्यांच्या आधी आला होता. कधी नव्हे तो त्यानं आपलं टेबल पुसलं होतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. सर तोच मजकूर पुन्हा वाचत बसले होते. आणि लोखंडी जिन्यावर पावलं वाजली.

दारात आबा. पांढरा शर्ट, दोन पेनं. त्यांच्या मागं सिद्धार्थची आई, हातातल्या पिशवीतून धपाट्यांचा वास येत होता. सर ताडकन उठले. म्हातारे स्नेही त्यांना आठवले असणार, कारण त्यांनी आधी हात जोडले आणि मग एका दमात सांगितलं, "आबा, माफ करा, लग्न खोटं आहे."

"म्हाईत हाय, सायेब. टेस्ट नावाचं लेकरू आमच्या तालुक्यात न्हाई."

"मग तुम्ही..." सरांना पुढचं विचारवेना, पण बग त्यांना झोपू देत नव्हता. "मग आजवर दर वेळी 'नाही', आणि या वेळीच 'येणार' कसं काय?"

आबांनी सरांकडं असं बघितलं, जसं कचेरीत नव्यानं लागलेल्या माणसाकडं बघत असतील.

"निनावी अर्जावर कारवाई करता येत नसते, सायेब. कोण बोलावूलालंय त्येचं नावच नसायचं. ह्या बारीला हाय."

सिद्धार्थनं आपली खुर्ची ओढून पुढं केली. आबा तिच्यावर बसले. स्क्रीनच्या कोपऱ्यावरची टोपी त्यांनी सरळ केली, चष्मा काढून रुमालानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"हं," ते म्हणाले. "आता आवक कुठं येती अन् जावक कुठून जाती, त्ये दाखीव बरं."